ग्लासातला तपकिरी गाळ कुठून आला? : पाण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
घरगुती सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारी यंत्रं), आरओ आणि पाण्याची तत्सम यंत्रं बनवणाऱ्या व विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक आणि विक्री विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका कंपनीचा प्रतिनिधी मध्यंतरी आमच्या घरी येऊन गेला. मुलगा अदबशीर होता. त्याने दोन ग्लास मागून घेतले. एकात आमच्या नळाचं पाणी भरलं, दुसऱ्यात स्वतःबरोबर आणलेल्या बाटलीतलं ‘शुद्ध’ पाणी. मग पिशवीतून एक उपकरण काढलं, त्याच्या दांड्या दोन्ही ग्लासांत बुडतील असं ते वर ठेवलं आणि प्लग लावला. मिनिटाभरात आमचा ग्लास पिवळसर झाला, मग हिरवट, मग तपकिरी, आणि वर मळकट फेस तरंगायला लागला. शेजारचा ग्लास तसाच निवळशंख. “आजी, हे तुम्ही रोज पिता,” तो सासूबाईंना म्हणाला. त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं ते संध्याकाळपर्यंत उचललं नाही.

मी त्याला म्हटलं, “भाऊ, तुमच्या त्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकू का?” तो नको नको म्हणेपर्यंत मी टाकलंसुद्धा होतं. पुन्हा प्लग लावायला लावला. त्याचाही ग्लास तपकिरी झाला, उलट आमच्यापेक्षा गडद.

तो रंग पाण्यात नव्हताच, दांडीत होता. लोखंडी दांडीतून वीज खेळली की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा गाळ होतो. पाण्यात क्षार असतील तर वीज वाहते, नसतील तर वाहत नाही, एवढाच त्या खेळाचा अर्थ. क्षार कोणते, चांगले की वाईट, जास्त की कमी, यातलं काहीही त्यातून कळत नाही. शाळेत रसायनशास्त्र शिकलेल्या कुणालाही हे दोन मिनिटांत समजावं. त्या मुलावर माझा राग नाही. त्याला हा खेळ कुणीतरी शिकवला, ती पिशवी कुणीतरी हातात दिली. म्हणून हे पत्र त्याला नाही, तुम्हाला.

यातलं वाईट काय, तर त्याला खोटं दाखवायची गरजच नव्हती. आमचं पाणी खरोखरच जड आहे. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणत. शब्द जुनाट वाटतो, पण नेमका आहे: ज्याला फेस धड येत नाही ते. आमच्या शॉवरची निम्मी भोकं बुजलेली असतात आणि उरलेल्यांतून पाणी भलतीकडे उडतं. नळाच्या तोंडाची जाळी दर दोन महिन्यांनी काढून घासावी लागते. बादलीच्या आतून पांढरं कडं धरतं, काचेवर झाक बसते, वाळलेला टॉवेल पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. अंगाचा साबण फेसाऐवजी बुळबुळीत साका धरतो आणि तो साका न्हाणीच्या फरशीवर बसतो. साबणातलं स्निग्धाम्ल पाण्यातल्या कॅल्शियमला चिकटतं आणि जे बनतं ते विरघळत नाही. आधी कॅल्शियम संपवायचं, मग उरलेल्या साबणाने अंग धुवायचं, असा तो दुहेरी खर्च.

आणि गिझर. मागे मिस्त्रीने तो उघडला तेव्हा तळातून अर्धी बादली खपल्या निघाल्या. कॉइल दिसतच नव्हती, तिच्याभोवती चुन्याचं जाड कवच होतं. आत कॉइल तापून तापून जळते आणि बाहेर पाणी कोमटच राहतं, कारण मधलं कवच उष्णता सहज जाऊ देत नाही. गरम पाण्याकडचेच नळ आधी का बुजतात, हे मला त्या दिवशी नीट कळलं. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, हा मात्र उलट्या काळजाचा. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे साधी खडू-चुनखडीची जात, जिथे सर्वांत जास्त तापलंय तिथेच बसते. म्हणजे नेमकी कॉइलवर.

तेव्हा दुखणं खरं आहे. खरं दुखणं दाखवायला खोटा ताप कशाला आणता?

तुमच्या प्रतिनिधीने त्या दिवशी आणखी एक गोष्ट केली. खिशातून पेनासारखं टीडीएस मीटर काढून आमच्या पाण्यात बुडवलं आणि आकडा वाचून भुवया उंचावल्या. आता हा मुद्दा मी जरा सविस्तर मांडणार आहे, कारण घरोघरी सगळा गोंधळ इथेच होतो. ते मीटर पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतं आणि एका ठरावीक गुणकाने गुणून ‘एकूण विरघळलेले घटक’ म्हणून आकडा दाखवतं. ते घटक कॅल्शियमचे आहेत की सोडियमचे, हे त्याला कळत नाही. पाण्याचा जडपणा मात्र फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा. त्यामुळे टीडीएस ६०० असूनही पाणी मऊ असू शकतं, जर त्यात बहुतेक साधं मीठच असेल. आणि ३०० असूनही चांगलंच जड असू शकतं.

त्याहून मजेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, ग्राहकाला माहीत नसते. सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. तो कॅल्शियम काढतो आणि त्या बदल्यात सोडियम सोडतो. हिशेबाने पाहिलं तर ४० मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं की ४६ मिलिग्रॅम सोडियम येतं, म्हणजे वजन चिमूटभर वाढतंच. टीडीएस मीटरने घाबरवून सॉफ्टनर विकायचा म्हणजे वजनकाट्याने ताप मोजायचा. कुणा ग्राहकाने यंत्र बसवल्यावर तेच मीटर पुन्हा बुडवलं तर तुम्ही काय सांगता, हे ऐकायला मला आवडेल.

जडपणा मोजायचं साधन साधं आहे आणि छोटं आहे. कुपीत पाणी घ्यायचं, रंगद्रव्य टाकायचं, पाणी लालसर होतं. मग थेंब थेंब दुसरं द्रावण टाकत जायचं, रंग निळा झाला की थांबायचं. थेंब मोजले की उत्तर. माझ्या किटमध्ये एका थेंबाला २० मिलिग्रॅम. आमच्या पाण्याला सतरा थेंब लागले, म्हणजे लिटरला ३४० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. सर्वसाधारणपणे ६० पर्यंत मऊ, १२० पर्यंत मध्यम, १८० पर्यंत जड आणि त्यापुढे अतिजड अशी वर्गवारी करतात. आम्ही अतिजडांत आहोत, आणि तेही पुष्कळ आत. मग मी तेच पाणी खळखळून उकळलं, गार केलं, गाळलं आणि पुन्हा मोजलं: सहा थेंब. याचा अर्थ आमच्या जडपणाचा मोठा हिस्सा ‘तात्पुरता’, उकळल्यावर खाली बसणारा. तोच गिझरमध्ये जाऊन बसतो. उरलेला ‘कायमचा’, तो सल्फेट-क्लोराइडच्या संगतीने पाण्यातच राहतो आणि साबण खातो. (हा ‘तात्पुरता’ शब्द कुणी ठेवला कोण जाणे. आमच्या कॉइलला विचारा.) हे दोन आकडे मला दहा मिनिटांत मिळाले, उकळलेलं पाणी गार व्हायचा वेळ सोडून. तुमच्यापैकी तिघांचे प्रतिनिधी आजवर आले, एकानेही हे किट आणलं नव्हतं.

आता त्या आकड्यावर गणित मांडते. आमच्या घरात दिवसाला साधारण ५०० लिटर पाणी लागतं. गुणिले ३४० मिलिग्रॅम, म्हणजे रोज १७० ग्रॅम चुना पाइपातून आत येतो. वर्षाचा हिशेब ६२ किलो. सगळा काही घरात बसत नाही, बराचसा मोरीतून निघून जातो, पण आकडा पाहून मी स्वतः चमकले. आता या सगळ्या पाण्याला मऊ करायचं तर रेझिनला, म्हणजे सॉफ्टनरमधल्या कॅल्शियम धरून सोडियम सोडणाऱ्या बारीक मण्यांना, तेवढं मीठ लागणार; मणी भरले की ते मिठाच्या पाण्यानेच धुवायचे असतात. यंत्र काटकसरी असेल तर महिन्याला ९ किलोच्या आसपास, उधळं असेल तर १५ किलो. ते मीठ कुणीतरी उचलून आणायचं, टाकीत ओतायचं, आणि रेझिन धुतल्यावरचं खारं पाणी कुठेतरी सोडायचं. तुमच्या माहितीपत्रकात हिरवं पान आणि हसरं बाळ आहे. मिठाची गोणी उचलणारं कुणी नाही.

त्याच माहितीपत्रकात यंत्राची क्षमता लिटरमध्ये छापलेली असते. कसल्या लिटरमध्ये? ढोबळमानाने १० लिटर रेझिन एकदा भरल्यावर सुमारे ५०० ग्रॅम जडपणा धरतं. पाण्याचा जडपणा १०० असेल तर ५,००० लिटर निघतील. आमच्या पाण्याचे जेमतेम १,५०० निघतील. जडपणाचा आकडा न सांगता लिटर सांगणं म्हणजे रस्ता न सांगता गाडी किती पळेल ते सांगणं. आणि यंत्रात तो आकडा भरावाही लागतो ना? त्यावरूनच ते रेझिन कधी धुवायचं ते ठरवतं. बसवणारा माणूस कारखान्यातून आलेला आकडा तसाच ठेवून निघून गेला, तर एक तर मीठ फुकट जातं नाही तर चार दिवसांनी नळातून पुन्हा जड पाणी यायला लागतं. ग्राहक म्हणतो, यंत्र बोगस. यंत्र बिचारं ठीक असतं.

मग माझा साधा प्रश्न: कोणतं पाणी मऊ करायचं, हे तुम्ही विचारत का नाही? संडासात ओतायचं पाणी मऊ करून काय हशील? फरशी पुसायचं? झाडांना तर मऊ केलेलं पाणी घालूच नये, सोडियमने माती बिघडते. जिथे पाणी तापतं आणि जिथे साबण लागतो, ती दोनच ठिकाणं खरी. गिझरची लाइन आणि कपडे धुण्याचं यंत्र. आमच्या घरात एवढंच मोजलं तर ५०० लिटरचे २०० होतात आणि यंत्र, मीठ, खारं सांडपाणी सगळं त्याच प्रमाणात उतरतं. पण मग लहान यंत्र विकावं लागतं, हे मला समजतं.

आणि पिण्याचा नळ. सासूबाईंना रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ बेताने खायला सांगितलंय. आमचं पाणी पूर्ण मऊ केलं तर लिटरला दीडशे मिलिग्रॅमच्या वर सोडियमची भर पडते (दर १०० जडपणामागे ४६ मिलिग्रॅम). निरोगी माणसाला हे काही विष नाही, पण पथ्य पाळणाऱ्याला आणि तान्ह्या बाळाचं दूध ज्या पाण्यात कालवायचं त्याला एक नळ मऊ न केलेला ठेवावा, हे तुम्ही आपणहून सांगायला हवं होतं. तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. मी विचारल्यावर एक जण म्हणाला, “मॅडम, मग त्यावर आमचं आरओपण घ्या.” एका यंत्राने घातलेलं काढायला दुसरं यंत्र, आणि ते दुसरं भरलेल्या पाण्यातलं बरंचसं मोरीत सोडून देणारं!

तब्येतीच्या नावाने तुम्ही जे बोलता त्याबद्दल थोडं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्याच्या जडपणाला आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ही शरीराला लागणारी द्रव्यं आहेत. चव आणि चुना यांची तक्रार वेगळी. मूतखड्याची भीती घालताना जरा थांबा. खडे झालेल्या माणसाला डॉक्टर पहिली गोष्ट सांगतात ती भरपूर पाणी पिण्याची, आणि तुमचा प्रतिनिधी येऊन गेल्यावर आमच्या घरातलं एक माणूस पाणी प्यायचंच थांबलं होतं.

त्वचेचंही तसंच. माझ्या लेकीला लहानपणी एक्झिमा होता, त्यामुळे “मऊ पाण्याने त्वचारोग जातो” हे वाक्य मला थेट लागलं होतं. ब्रिटनमध्ये यावर नीट चाचणी झाली, २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यम ते तीव्र एक्झिमा असलेली ३३६ मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या घरी बारा आठवडे सॉफ्टनर. तपासणाऱ्या परिचारिकांना कुणाच्या घरी यंत्र आहे ते माहीत नव्हतं. त्यांना दोन गटांत फरक दिसला नाही. पालकांना माहीत होतं. त्यांना थोडा दिसला. आई म्हणून मला त्या पालकांची मनःस्थिती पुरती कळते. म्हणूनच ते वाक्य तुम्ही आयांसमोर बोलू नये असं मला वाटतं.

पाइपाला लोहचुंबक गुंडाळून पाणी मऊ करून देणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. तुमच्या चुंबकाच्या आधीचं पाणी आणि नंतरचं पाणी, दोन्ही माझ्या कुपीत सतरा-सतरा थेंबच घेतात. चुना चिकटायचा थांबतो असं तुमचं म्हणणं असेल तर तसं म्हणा, ‘मऊ करतो’ म्हणू नका.

गिझर बनवणाऱ्यांनाही जाता जाता दोन शब्द, कारण पत्र त्यांच्याही हातात पडेल. आमच्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरांत लिहिलंय की जड पाण्यामुळे झालेला बिघाड धरला जाणार नाही. किती जड? तो आकडा कुठेच नाही. तुम्हाला जबाबदारी नको तर सीमारेषा तरी आखून द्या. भांडी धुण्याची यंत्रं बनवणाऱ्यांना हे जमतं: आत छोटा सॉफ्टनर, त्याला मीठ, बऱ्याचदा सोबत तपासायची पट्टी, आणि पुस्तिकेत जडपणाप्रमाणे कोणतं बटण कुठे ठेवायचं त्याचा तक्ता. जर्मनीत तर पाणीपुरवठा करणाऱ्यांनीच जडपणाची श्रेणी लोकांना कळवायची असते, मऊ, मध्यम, जड अशा तीन, आणि धुण्याच्या पावडरीच्या खोक्यावर त्याच तीन श्रेणींप्रमाणे किती माप घालायचं ते छापलेलं असतं. तिथल्या गृहिणीला कुणी ग्लासात वीज सोडून दाखवावी लागत नाही.

आता आम्ही काय केलं ते सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल, बाईंना नुसतं भांडायचंय. आम्ही सॉफ्टनर घेतला. चौथा माणूस आला तो एकट्याने धंदा करणारा होता. त्याने बसायच्या आधी किट काढलं. मी म्हटलं, माझा आकडा तयार आहे, तो म्हणाला, “असू दे ताई, माझा मी काढतो.” त्यालाही सतराच थेंब लागले. मग त्याने गच्चीवर जाऊन कोणती लाइन कुठे उतरते ते पाहिलं, माणसं किती विचारलं, आणि आम्ही मागत होतो त्यापेक्षा लहान यंत्र सुचवलं. स्वयंपाकघराचा नळ तसाच ठेवला. जाताना सासूबाईंना म्हणाला, “तुमचं पिण्याचं पाणी पूर्वीचंच आहे, आजी.” त्यांनी त्याच्यासमोर भांडंभर पिऊन दाखवलं.

बाकी जुनेच उपाय चालू आहेत. शॉवरचं तोंड लिंबाच्या फुलाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, कोमट पाण्यात रात्रभर बुडवायचं. गच्चीकडच्या जड पाण्यात धुवायच्या कपड्यांना थोडा धुण्याचा सोडा. आंघोळ झाली की काचेवरून रबराची पट्टी फिरवायची, कारण डाग पाण्याचा नसतो, पाणी वाळल्यावर मागे राहिलेल्याचा असतो. गिझर वर्षातून एकदा उघडायचा; यंत्र बसवल्यानंतर पहिल्यांदा उघडला तेव्हा मूठभर खपल्या निघाल्या, त्याही बहुधा जुन्याच.

तुमच्याकडून मला हवं आहे ते फार नाही. प्रत्येक प्रतिनिधीच्या पिशवीत थेंबांचं किट. माहितीपत्रकावर लिटरच्या शेजारी ते कोणत्या जडपणाला, याचा उल्लेख. महिन्याला मीठ किती आणि खारं पाणी किती, हे विकायच्या आधी, कागदावर. पाण्यात सोडियम किती वाढेल, तेही. आणि ती दांड्यांची उपकरणं परत मागवून घ्या. सगळी.

उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
एक जुनी ग्राहक आणि एका गिझरची मालकीण

ता. क. : तुमच्या एका प्रतिनिधीने न्हाणीतल्या संगमरवरावरचे पांढरे डाग काढायला ॲसिड सुचवलं होतं. संगमरवर हाही कॅल्शियम कार्बोनेटच. डाग निघाला, आणि त्याच्याबरोबर दगडाची चकाकीही. त्या जागी आता आम्ही बादली ठेवतो.